धान्याच्या खोलीचे बाहेरचे दार बदलण्यापूर्वी घ्यावयाची मापे

खळ्यावरचे धान्य घरात येऊन पडले म्हणजे वर्षाच्या श्रमांचे चीज झाले, असे सामान्यतः समजले जाते. परंतु ते धान्य पुढील सुगीपर्यंत सुरक्षित राहिले तरच हे समजणे खरे ठरते. धान्याची राखण करणाऱ्या साधनांत कणगी, पोती व पत्र्याची कोठी यांचा विचार शेतकरी करतो. खोलीच्या दाराचा विचार मात्र क्वचितच केला जातो. वास्तविक उंदीर, घुशी व पावसाची झड यांचा धान्याच्या खोलीत शिरण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बाहेरच्या दाराखालची फट होय.

घरातील लहान उंदीर सुमारे ६ मिलिमीटर फटीतून आत शिरू शकतो. मोठ्या उंदराला सुमारे १२ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाची फट पुरते. एका मोठ्या उंदराने दिवसाला केवळ २० ग्रॅम धान्य खाल्ले असे धरले, तरी वर्षाला ७ किलोंहून अधिक धान्य एकटा उंदीर फस्त करतो. जे तो खातो त्याखेरीज लेंड्या, मूत्र व केस यांनी जे नासते ते वेगळेच. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग माणसांपर्यंत पोहोचतो, आणि उंदरांच्या मागावर सापही घरात येतात. म्हणून दार नीट बसणे हा केवळ घराच्या शोभेचा प्रश्न नाही.

जुने दार कुजले वा फाटले म्हणजे शेतकरी सुताराकडे जातो, अथवा तालुक्याच्या बाजारातून तयार दार आणतो. पुष्कळदा असे घडते की, नवे दार चौकटीत बसत नाही. मोठे झाले तर ते रंधून व कापून लहान करावे लागते आणि त्यात सांधे दुबळे होतात. लहान झाले तर फटी राहतात, आणि ज्या कारणासाठी खर्च केला तेच कारण शिल्लक राहते. या नुकसानीचे मूळ बहुधा सुताराच्या कामात नसून घेतलेल्या मापात असते. योग्य माप घेण्याची रीत अवघड नाही. अर्ध्या तासात दोन माणसांना हे काम व्यवस्थित करता येते.

दाराचे भाग

माप सांगताना व लिहून घेताना गोंधळ होऊ नये म्हणून दाराच्या भागांची नावे प्रथम निश्चित असावीत. भिंतीत पक्की बसविलेली ती चौकट. चौकटीच्या दोन उभ्या लाकडांना बाह्या म्हणतात. वरच्या आडव्या लाकडाला पुष्कळ ठिकाणी गणेशपट्टी असे नाव आहे. खालचे आडवे लाकूड अथवा दगड म्हणजे उंबरठा. चौकटीत जी उघडते व मिटते ती झडप. झडप बसण्यासाठी बाह्यांना व गणेशपट्टीला आतल्या अंगाने जी पायरीसारखी कोर पाडलेली असते तिला या लेखात खाच म्हटले आहे.

यावरून दाराची तीन वेगवेगळी मापे संभवतात, हे ध्यानी येईल. पहिले झडपेचे माप, दुसरे चौकटीचे बाहेरून बाहेरपर्यंतचे माप, आणि तिसरे भिंतीतील मोकळ्या जागेचे माप. “दार तीन फुटी आहे” एवढेच सांगितले तर ऐकणाऱ्याला यांपैकी कोणते माप अभिप्रेत आहे हे कळत नाही. चौकटीतील जाण्यायेण्याची मोकळी जागा तीन फूट असेल, तर खाचेत बसणारी झडप तीन फुटांहून मोठी असते, आणि चौकटीचे बाहेरचे माप त्याहूनही मोठे असते. बहुतेक चुका या एका संदिग्धतेतून उद्भवतात.

प्रथम काय ठरवावे

माप घेण्यापूर्वी केवळ झडप बदलावयाची की चौकटीसह दार बदलावयाचे, हे ठरवावे. कारण दोहोंची मापे निराळी आहेत.

चौकटीची परीक्षा खालून वर करावी. बाह्यांचे पाय व उंबरठा यांवर पावसाचे पाणी उडते, जमिनीची ओल चढते आणि वाळवीही तेथूनच वर जाते. चाकूचे अथवा पेचकसाचे टोक लाकडात दाबून पाहावे. टोक सहज आत गेल्यास लाकूड कुजले आहे असे समजावे. लाकडावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्यास अथवा ठोकले असता पोकळ आवाज आल्यास वाळवीची शंका घ्यावी. बिजागऱ्यांचे स्क्रू पिळून पाहावेत. ते नुसते फिरत राहिले तर त्या जागचे लाकूड धरून ठेवण्यास समर्थ राहिलेले नाही.

त्यानंतर चौकट काटकोनात आहे किंवा नाही हे पाहावे. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत व वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत, अशी दोन तिरपी मापे घ्यावीत. दोन्ही मापे सारखी असली म्हणजे चौकट सरळ आहे. फरक ४-५ मिलिमीटरपर्यंत असला तर सुतार झडप तेवढी रंधून जमवून घेऊ शकतो. फरक याहून बराच अधिक असला तर चौकट सरकली आहे असे समजून तिच्या दुरुस्तीचा किंवा बदलाचा विचार करावा. ओळंबा सोडून बाह्या उभ्या रेषेत आहेत का, हेही पाहावे. बाही कललेली असली तर झडप आपोआप उघडते वा मिटते आणि तिचा भार एकाच बिजागरीवर येतो.

येथेच आणखी एक विचार करणे अगत्याचे आहे. दारातून काय काय आत-बाहेर न्यावयाचे आहे याचे माप घ्यावे. धान्य साठविण्यासाठी पत्र्याची गोल कोठी आणावयाची असल्यास तिचा व्यास दाराच्या मोकळ्या रुंदीपेक्षा कमी असला पाहिजे. पाठीवर पोते घेतलेल्या माणसाला सुमारे ९० सेंटिमीटर रुंदी सोयीची पडते. जुने दार अरुंद असेल तर त्याच मापाचे नवे दार करणे म्हणजे जुनीच अडचण पुढील कित्येक वर्षे कायम करणे होय.

मापाची साधने

लोखंडी टेप, गुण्या, ओळंबा, पाणसळ, एक वही व पेन्सिल एवढी साधने पुरेशी आहेत. दोरीने माप घेऊ नये. दोरी ताणली जाते व ओली झाल्यास तिची लांबी बदलते. हात व वीत ही मापे माणसागणिक बदलतात, म्हणून तीही वर्ज्य करावीत. टेपच्या टोकाचा आकडा वाकलेला असेल तर शून्याऐवजी १० सेंटिमीटरच्या खुणेपासून माप घ्यावे व आलेल्या मापातून १० सेंटिमीटर वजा करावेत. ही वजाबाकी विसरली जाऊ नये म्हणून ती तेथल्या तेथे लिहून करावी.

वजने व मापे मानक कायदा १९५६ साली झाला आणि देशात मेट्रिक पद्धती आली. तथापि सुतारकामात इंच, फूट व सूत अजूनही चालतात. एका इंचाचे आठ सूत होतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि एक सूत म्हणजे ३ मिलिमीटरांहून किंचित अधिक. माप कोणत्याही एका पद्धतीत घ्यावे; परंतु रुंदी इंचात व उंची सेंटिमीटरमध्ये असे मिश्रण करू नये. मिलिमीटरमध्ये लिहिल्यास अपूर्णांक टळतात व चूक होण्याचा संभव कमी होतो.

दोन बाह्यांमधील अंतर टेपने घेताना टेप मध्ये लोंबतो किंवा कोपऱ्यात वाकतो आणि दोन-चार मिलिमीटरांची चूक होते. यावर जुन्या सुतारांची एक युक्ती उत्तम आहे. दोन सरळ काठ्या वा पट्ट्या घ्याव्यात. त्यांची एकत्रित लांबी दाराच्या रुंदीहून अधिक असावी. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून अशा सरकवाव्यात की, एकीचे टोक डाव्या बाहीला व दुसरीचे टोक उजव्या बाहीला टेकेल. त्या स्थितीत दोहोंवर मिळून पेन्सिलीची एक आडवी खूण करावी. मग पट्ट्या खाली जमिनीवर खूण जुळवून ठेवाव्यात आणि टोकापासून टोकापर्यंत टेप लावावा. हे माप बिनचूक असते.

केवळ झडप बदलावयाची असल्यास

झडप खाचेत बसणारी असेल तर सर्व मापे खाचेपासून खाचेपर्यंत घ्यावीत. मोकळ्या जागेचे माप घेऊन अंदाजाने त्यात भर घालू नये.

रुंदी तीन ठिकाणी घ्यावी: वर, मध्ये व खाली. उंचीही तीन ठिकाणी घ्यावी: डावीकडे, मध्ये व उजवीकडे. उंची वरच्या खाचेपासून उंबरठ्याच्या पृष्ठभागापर्यंत मोजावी. तीन मापांपैकी सर्वांत लहान माप झडपेसाठी आधारभूत धरावे. सर्वांत मोठे माप टाकून देऊ नये. फट कोठे व किती राहील हे त्यावरून कळते.

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. समजा, एका चौकटीत खाचेपासून खाचेपर्यंतची रुंदी वर ९१२, मध्ये ९०८ व खाली ९१० मिलिमीटर भरली. सर्वांत लहान माप ९०८. दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटर मोकळीक ठेवावयाची, म्हणून झडपेची रुंदी ९०२ मिलिमीटर. बिजागरीच्या बाजूला ३ मिलिमीटर फट ठेवल्यास कडीच्या बाजूला वर ७, मध्ये ३ व खाली ५ मिलिमीटर फट राहील. खाच १२ मिलिमीटर खोल असेल तर ७ मिलिमीटर फटीवरही खाचेच्या कडेचे ५ मिलिमीटर आच्छादन राहते. त्यामुळे बाजूच्या या फटीची फारशी चिंता नाही.

उंचीची गोष्ट मात्र वेगळी आहे. समजा, उंची डावीकडे १९८४, मध्ये १९८८ व उजवीकडे १९८३ मिलिमीटर भरली. मध्ये उंची अधिक भरते याचे कारण, वर्षानुवर्षांच्या वापराने उंबरठा मधोमध झिजलेला असतो. लहान माप १९८३. वर ३ व खाली ५ मिलिमीटर मोकळीक वजा करता झडपेची उंची १९७५ येते. आता मधल्या जागी झडपेखाली किती फट राहते ते पाहावे. १९८८ मधून १९७५ व वरची ३ मिलिमीटर वजा केली असता १० मिलिमीटर उरतात. खाली आच्छादन करणारी खाच नाही. अर्थात नवे कोरे दार बसवूनही लहान उंदरास वाट मोकळीच राहिली.

म्हणून झिजलेला उंबरठा आधी दुरुस्त करावा व उंचीचे माप त्यानंतर घ्यावे, हा नियम कधीही मोडू नये. झिजलेल्या भागात कठीण लाकडाचा तुकडा बसवून पृष्ठभाग पाणसळीत आणावा आणि वर लोखंडी पट्टी ठोकावी. वरील उदाहरणात पट्टी ५ मिलिमीटर जाडीची असेल, तर दुरुस्तीनंतर उंची सर्वत्र सुमारे १९७८ मिलिमीटर होईल आणि झडप १९७० मिलिमीटरची लागेल. ज्याने पहिल्या मापावरून १९७५ मिलिमीटरची झडप आधीच करून घेतली असेल, त्याची झडप पट्टीवर घासेल व मिटणार नाही. क्रम चुकल्याने असे नुकसान होते.

झडपेची जाडीही मोजावी. खाचेची रुंदी व झडपेची जाडी सारखी असली पाहिजे. ३० मिलिमीटरच्या खाचेत ३५ मिलिमीटर जाडीची झडप बसविली तर ती ५ मिलिमीटर बाहेर येते, बिजागरी ताणली जाते आणि कडी-कोयंडा जुळत नाही. जुन्या बिजागऱ्या ज्या ठिकाणी आहेत ती अंतरे वरच्या खाचेपासून मोजून लिहावीत. तसे केल्याने चौकटीत नवी भोके पाडावी लागत नाहीत.

उघडण्याची दिशा लिहिणे अनेकांकडून राहून जाते. बाहेर उभे राहून पाहिले असता बिजागऱ्या डाव्या हाताला आहेत की उजव्या, आणि झडप आत उघडते की बाहेर, हे दोन्ही स्पष्ट लिहावे. झडप आत उघडत असेल तर ती जेथून फिरते तेथील जमीन वर चढलेली नाही ना, हे पाहावे. झडपेच्या रुंदीएवढी पट्टी उंबरठ्यावर पाणसळीत धरून ती दाराप्रमाणे फिरवावी. पट्टी जमिनीला लागली तर नवी झडपही लागेल.

दोन झडपांचे व जुन्या पद्धतीचे दार

दोन झडपांच्या दारात मधल्या सांध्यावर एक झडप दुसरीवर चढते. हे चढलेले माप हिशेबात धरावे लागते. समजा, खाचेपासून खाचेपर्यंतची लहानात लहान रुंदी १२०० मिलिमीटर आहे. बाजूंची मोकळीक ३ व ३ वजा करता ११९४ राहतात. झडपा एकमेकींवर १२ मिलिमीटर चढावयाच्या असतील, तर दोहोंची मिळून रुंदी १२०६ व प्रत्येकीची ६०३ मिलिमीटर होते. केवळ बाराशेचे निम्मे केले, तर मध्ये सांधा झाकण्यापुरतेही लाकूड उरत नाही.

जुन्या वाड्यांत व माळवदाच्या घरांत कित्येक दारांना बिजागऱ्या नसतात. झडपेला वर व खाली खुंट्या असून त्या खोबणीत फिरतात, आणि झडप खाचेत न बसता चौकटीच्या मागे आतून टेकते. अशा दाराची झडप मोकळ्या जागेहून मोठी असावी लागते. म्हणून प्रथम मोकळ्या जागेचे माप घ्यावे, नंतर झडप चौकटीवर प्रत्येक बाजूस किती चढते ते मोजावे व दोहोंची बेरीज करावी. खुंट्यांची लांबी व जाडी निराळी लिहावी. जुनी झडप उचलून काढण्यास वर किती मोकळी जागा आहे हेही पाहावे. नवी झडप त्याच वाटेने आत जावयाची असते.

चौकटीसह दार बदलावयाचे असल्यास

येथे भिंतीतील मोकळ्या जागेचे माप लागते. ते गिलाव्यावरून घेऊ नये, कारण गिलावा चौकटीच्या कडा झाकून टाकतो. दोन्ही बाजूंना वर, मध्ये व खाली गिलावा थोडा खरवडून चौकटीची खरी कड शोधावी. जुन्या चौकटीत गणेशपट्टीची टोके व कधी उंबरठ्याची टोके बाह्यांच्या पलीकडे भिंतीत गेलेली असतात. त्यांचाही शोध घ्यावा.

रुंदी व उंची पूर्वीप्रमाणेच तीन-तीन ठिकाणी घ्यावी व ती भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही अंगांनी घ्यावी. दगडमातीच्या भिंतीत दोन्ही अंगांच्या मापांत फरक असणे नेहमीचेच आहे. सर्वांत लहान रुंदी १०१२ मिलिमीटर आली असे समजू. चौकट ओळंब्यात बसविण्यास प्रत्येक बाजूला सुमारे १० मिलिमीटर जागा सोडल्यास चौकटीचे बाहेरचे माप ९९२ मिलिमीटर येईल. राहिलेली जागा चुनखडीच्या वा सिमेंटच्या मसाल्याने भरावी; ती पोकळ ठेवल्यास उंदरांना तेथेच घर मिळते. बाह्या प्रत्येकी ६५ मिलिमीटरच्या असतील, तर जाण्यायेण्यास ८६२ मिलिमीटर मोकळी जागा राहील. ही जागा पोत्यांस व कोठीस पुरते काय, हे लाकूड कापण्यापूर्वीच ठरवावे.

खोलीत पुढेमागे शहाबादी फरशी घालावयाची असेल तर फरशी व तिच्याखालचा मसाला यांची जाडी उंचीतून आधीच वजा करावी. अन्यथा फरशी घातल्यावर आत उघडणारी झडप अडते आणि ती खालून कापावी लागते.

नवी चौकट काटकोनात आहे की नाही हे गुण्याने किंवा पुढील रीतीने तपासता येते. कोपऱ्यापासून एका बाजूस ६०० व दुसऱ्या बाजूस ८०० मिलिमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधील तिरपे अंतर बरोबर १००० मिलिमीटर भरले म्हणजे कोपरा काटकोनी आहे.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने लक्षात घ्यावी. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत दारावरील भार कित्येकदा स्वतंत्र तुळईवर नसून प्रत्यक्ष चौकटीवरच असतो. अशी चौकट आधार न देता काढली तर वरची भिंत ढासळू शकते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात अशाच जाड दगडमातीच्या भिंती व माळवदे कोसळून मोठी प्राणहानी झाली. अशा भिंतींत दारावर मजबूत तुळई आहे किंवा नाही हे जाणत्या गवंड्याकडून पाहून घ्यावे, टेकू द्यावेत आणि मगच जुन्या चौकटीस हात लावावा.

ऋतूचा विचार

लाकूड ओल शोषून फुगते व सुकल्यावर आकसते. हा फरक रुंदीत पडतो. लांबीत तो जवळजवळ पडतच नाही. उभ्या फळ्या जोडून केलेल्या रुंद झडपेत पावसाळा व उन्हाळा यांमधील फरक कित्येक मिलिमीटर असू शकतो. कोकणात व घाटमाथ्यावर तो अधिक जाणवतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. वैशाखात माप घेऊन कोरड्या लाकडाची झडप केली, तर बाजूंना ठरलेली मोकळीक अवश्य ठेवावी. ती न ठेवल्यास आषाढात दार आवळते. याउलट श्रावणात दार अडते म्हणून ते भरपूर रंधून घेण्याची जी रीत आहे ती टाळावी. त्या वेळी लाकूड फुगलेले असते. तेव्हा रंधलेली झडप चैत्रात आकसून मोठी फट पडते, आणि नेमक्या याच सुमारास रब्बीचे नवे धान्य खोलीत येते. दार अडत असल्यास शक्य तो कोरडा हंगाम येईपर्यंत थांबावे व अगदीच आवश्यक तेवढेच रंधावे.

लाकूड चांगले मुरलेले व वाळलेले घ्यावे. सागाचे लाकूड घेताना गाभ्याचा भाग पाहून घ्यावा. बाहेरच्या पांढऱ्या भागास कीड लवकर लागते. झडप टांगण्यापूर्वी तिच्या सर्व कडांना, विशेषतः खालच्या कडेला, जवसाचे तेल किंवा रंग द्यावा. खालची कड टांगल्यानंतर दिसत नाही व तिला रंग मिळत नाही, परंतु ओल सर्वांत अधिक तीच पिते.

तयार प्लायचे दार घेतल्यास ते बाहेरच्या वापरासाठी, पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाने केलेले आहे याची खात्री करावी. अशी दारे ठराविक मापांत मिळतात व त्यांच्या कडांना थोडेच भरीव लाकूड असते. म्हणून ती फार कापता येत नाहीत. पत्र्याचे दार फुगत नाही, पण ते रंधताही येत नाही. त्याचे माप चुकले तर दुरुस्तीस वाव जवळजवळ नसतो.

उंदरांचा बंदोबस्त

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात व ते झिजविण्यासाठी तो सतत कुरतडतो. त्यामुळे नेमके बसलेले लाकडी दारही खालच्या कोपऱ्यांत कुरतडले जाते. झडपेच्या तळापासून ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत जस्ती पत्रा मारावा व तो खालच्या कडेवरून वळवून घ्यावा. पत्र्याची जाडी सुमारे एक मिलिमीटर धरून ती झडपेच्या उंचीतून वजा करावी. बाह्यांच्या पायांनाही तेवढाच पत्रा मारल्यास काम पूर्ण होते.

काम झाल्यावर एक साधी परीक्षा घ्यावी. शाळेतील मुलांची साधी पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाडीची असते. दार मिटून ती पेन्सिल खालून सरकवून पाहावी. ती आत गेली तर लहान उंदीरही जाईल. रात्री खोलीत दिवा लावून बाहेरून पाहिल्यास कोठे उजेड फुटतो तेही कळते.

मापाची चिठ्ठी

घेतलेली मापे तोंडी सांगू नयेत. पुढील बाबी एका कागदावर लिहून एक प्रत सुतारास द्यावी व एक स्वतःजवळ ठेवावी.

१. माप झडपेसाठी आहे की चौकटीसह दारासाठी.
२. रुंदी: वर, मध्ये, खाली.
३. उंची: डावीकडे, मध्ये, उजवीकडे.
४. दोन तिरपी मापे.
५. खाचेची रुंदी व खोली, झडपेची जाडी.
६. भिंतीची जाडी, चौकटीच्या लाकडाचे माप.
७. बिजागऱ्यांची बाजू व अंतरे. दार आत उघडते की बाहेर.
८. उंबरठा दुरुस्त झाला आहे काय. फरशी घालावयाची आहे काय.
९. ठेवावयाची मोकळीक: बाजूंना व वर ३, खाली ५ मिलिमीटर.
१०. माप घेतल्याची तारीख व ऋतू.

चिठ्ठीवर प्रत्यक्ष घेतलेली मापे लिहावीत. मोकळीक वजा केलेले अंतिम माप वेगळ्या ओळीत, “झडपेचे तयार माप” असे नाव देऊन लिहावे. तसे न केल्यास मालक एकदा मोकळीक वजा करतो, सुतार पुन्हा तीच वजा करतो, आणि झडप दोन्ही बाजूंनी लहान होते. सर्व मापे एका माणसाने घेऊन दुसऱ्याने स्वतंत्रपणे पुन्हा घ्यावीत. दोघांच्या मापांत २ मिलिमीटरहून अधिक फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वी एखाद्या घरी सुतार व शेतकरी यांना एकत्र बोलावून ही रीत प्रत्यक्ष दाखविल्यास तिचा प्रसार सहज होईल. काठ्यांचे माप, तिरपी मापे व पेन्सिलीची परीक्षा या तीन गोष्टी पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात राहतात. यासाठी खर्च जवळजवळ नाही. पिकाच्या राखणीसाठी शेतकरी रात्री शेतात जागतो. तेच धान्य घरात आल्यावर दाराखालच्या बोटभर फटीतून जाऊ देणे शहाणपणाचे नाही. कोरड्या दिवसांत, उंबरठा दुरुस्त करून, तीन ठिकाणी मोजून व लिहून घेतलेले माप हीच चांगल्या दाराची पहिली पायरी होय.